लिंबू-मिरची बांधलेला लॅपटॉप

"नेमकं कुठं बांधायचं ते सांग," मुसळे म्हणाले. "दाराला चौकट असते, ट्रकला बंपर असतो. ह्याला काय आहे?"

त्यांच्या हातात काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू होतं, खाली मिरच्या. समोरच्या टेबलावर आमच्या 'रंगधागा' नाट्यमंडळाचा लॅपटॉप होता. कुठल्याशा पतपेढीनं नवे आणले तेव्हा हा आमच्याकडे आला. जाड, करडा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. उचलताना दोन्ही हात लागत.

"बिजागरीला बांधा," शिंत्रे सर म्हणाले. सर आमचे लेखक आणि दिग्दर्शक. दिवसा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे आणि श्रावणात अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं द्यायचे. "माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण बांधणारच असाल तर बिजागरीला बांधा. भार मधोमध येईल."

"पंख्याच्या जाळीवर मिरची येऊ देऊ नका," मी म्हणाले.

"मिरची आत गेली तर काय, मशिन शिंकंल," आवटी आण्णा कोपऱ्यातून म्हणाले.

मुसळ्यांनी लिंबू बांधलं, दोन पावलं मागं सरकून पाहिलं आणि हात जोडले. मग वळून म्हणाले, "पद्मजा, आता तरी चालव. रविवारी स्पर्धा आहे. मी त्या नदीच्या घाटावर मरतो, आणि नदीच नाही म्हटल्यावर मी मरायचं कुठं?"

त्यांचं बरोबर होतं. नदी माझ्याकडे होती. आम्हा इचलकरंजीच्या मंडळींकडे रंगवलेले पडदे असायचे; नदीचा घाट, गावचा चौक, श्रीमंताचा दिवाणखाना. ते बंद करा, असा हट्ट मीच धरला होता. प्रोजेक्टर लावू, मागं खरी पंचगंगा हलताना दिसेल, पहाट होईल, पाऊस पडेल. मी संगणक वर्गात शिकवायचे. सव्वीस वर्षांची होते आणि मंडळात मला आतापर्यंत कुणी झेंडूच्या माळा लावण्यापलीकडचं काही काम दिलं नव्हतं. सरांनी मान्य केलं, आणि त्याच आठवड्यात मुसळ्यांनी जुने पडदे सुताच्या गाठी झाकायला आपल्या गोदामात नेले. आता जुन्या घाटाखाली सुताच्या गाठी बसल्या होत्या. परतीची वाट बंद. रविवारी लॅपटॉप चालला नाही तर मागं काळं कापड आणि पुढं मी.

"आणि दुसरं," मुसळे म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलतो. या खेपेला आण्णांना झोप लागली, तर पुढच्या नाटकापासून त्यांनी चहाचं बघावं. मला पुस्तक धरून वाक्यं सांगणारा जागा पाहिजे."

आण्णांनी कपाळावरचं भस्म रुमालानं टिपल्यासारखं केलं.

मी बटण दाबलं. पंखा घरघरला, लिंबू हललं, पडद्यावर अक्षरं उमटली आणि ती बघून मी

रीस्टार्ट

मशिन अडकलं की बंद करायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. मी वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवते. ही गोष्टही अशीच सांगावी लागणार आहे, कारण ती एका दमात कधी चाललीच नाही.

तर, पहिल्यापासून.

आवटी आण्णांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, "हे काय झालंय गं?"

लिंबू बांधायच्या काही दिवस आधीची ही संध्याकाळ. तालमी एका बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये चालायच्या. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना; बंद पडून जमाना झाला तरी शेडला पेजेचा वास होता. आण्णांनी याच शेडमध्ये मुकादम म्हणून उमेदीची वर्षं घालवली होती. आणि मंडळ निघाल्यापासून ते आमचे प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून, नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही अशा आवाजात वाक्य पुरवायचं. मुसळे हे आमचे नायक, सुताचे व्यापारी. त्यांचा आवाज भरदार होता, उभं राहणं रुबाबदार होतं आणि पाठांतर शून्य होतं. त्यामुळे आमचं प्रत्येक नाटक आधी आण्णा म्हणत आणि मग मुसळे.

पूर्वी आण्णा पूर्ण नाटक स्वतःच्या हातानं उतरवून काढत. या वेळी सर रोज संवाद बदलत होते, म्हणून ठरलं की संहिता लॅपटॉपवर ठेवायची. बदल मी टाइप करणार आणि आण्णा पडद्यावर वाचणार. एकाच लॅपटॉपला दोन कामं. समोर आण्णांसाठी संहिता, आणि वायरीतून पलीकडं प्रोजेक्टरला नदी. यंत्र जुनं असलं तरी एवढं त्याला जमण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी मात्र ते उघडलं तर पडद्यावरचं सगळं भलंमोठं झालेलं. अक्षरं बोटाएवढी, खुणांची चित्रं पोळपाटाएवढी. नदीचं चित्र लावलं तर पाण्याचे चौकोन, तेही थांबत थांबत सरकणारे.

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेलाय, आण्णा," मी म्हणाले. "काल रात्री घरी इंटरनेटला लावला होता. त्यानं आपोआप काहीतरी नवं उतरवून घेतलं, ते याला पचलं नाही."

"ड्रायव्हर म्हणजे?"

मला शिकवायची खोडच आहे. "हे बघा. आत चित्रं काढणारी एक चिप असते. ती म्हणजे मुसळेकाका. अंगात सगळं आहे, पण पुढं काय करायचं ते कुणीतरी कानात सांगितल्याशिवाय काही करत नाही. ते सांगणारा तो ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे तुम्ही."

आण्णांना हे फार आवडलं. "आणि मी नसलो की?"

"मग मुसळेकाका आपल्या मनानं करणार. मोठं मोठं, ओबडधोबड."

"ते खरंय," आण्णा म्हणाले. आणि पडद्याकडे बघत राहिले. खुर्चीत मागं टेकून, आरामात. "मग, ड्रायव्हर नाही म्हणून अक्षरं मोठी झाली."

"हो. आता मी जुना घालते, मग बघा."

जुना ड्रायव्हर माझ्या पेन ड्राइव्हमध्ये होता. घातला, यंत्र बंद करून सुरू केलं, अक्षरं मुंगीएवढी झाली, नदी वाहायला लागली. मी टाळी वाजवली. आण्णा पुढं वाकले, आणखी पुढं वाकले.

"झकास," ते म्हणाले. "आणि समजा, हा परत काढायचा झाला तर कुठनं?"

कुणीतरी शिकायला मागतंय म्हटल्यावर मी काय करणार? दाखवलं. इथं जायचं, हे उघडायचं, या नावावर उजवं बटण, खालून दुसरी ओळ. आणि ही चौकट दिसते ना, तिच्यात खूण करायची. नाहीतर तो पाठीमागच्या दारानं परत येऊन बसतो.

"खालून दुसरी. मग चौकट," आण्णा पुटपुटले. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं डोक्यात धरलेला माणूस. एकदा ऐकलं की संपलं.

त्या दिवशी तालमीत आण्णा चार ठिकाणी गप्प राहिले. मुसळे हवेत हात धरून उभे. "आण्णा," सर ओरडले, "झोपलात का?"

"जरा डोळा लागला," आण्णा म्हणाले.

रीस्टार्ट

दुसऱ्या दिवशी चहानंतर लॅपटॉप उघडला तर अक्षरं पुन्हा बोटाएवढी. मी इंटरनेट तोडलं. आपोआप होणारे सगळे बदल बंद केले. तालीम आटोपल्यावर जुना ड्रायव्हर पुन्हा घातला. नदी वाहिली.

तिसऱ्या दिवशी, चहानंतर, पुन्हा तेच.

प्रत्येकाकडे स्वतःचं शास्त्र होतं.

शिंत्रे सरांचं शास्त्र उष्णतेचं. "धातू प्रसरण पावतो. शेडचा पत्रा तापतो. सोपं आहे." त्यांनी लॅपटॉपखाली शाळेतले चार डस्टर ठेवले. त्यामुळे लॅपटॉप खडूनं माखला असावा, असं मी धरून चालले, कारण हल्ली रोज त्याच्या पडद्यावर मधोमध एक पांढरा पट्टा असायचा. मी तो ओढणीनं पुसायचे आणि मनातल्या मनात सरांना नावं ठेवायचे.

मुसळ्यांचं शास्त्र नजरेचं. "पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाला कळलंय आपण प्रोजेक्टर लावणार म्हणून. त्यांचा तो पाटणकर परवा शेडच्या दारात उभा होता. काय म्हणाला? 'चांगलं चाललंय की.' असं कोण म्हणतं?"

माझं शास्त्र व्हायरसचं. मी सगळं यंत्र झाडून काढलं. काहीही सापडलं नाही, एक मुसळ्यांच्या मुलाच्या मुंजीचे फोटो सोडून.

आण्णांचं काही शास्त्र नव्हतं. ते फक्त विचारायचे, "आज परत घालणार काय गं?"

"घालणारच. रविवार आला."

"घाल बाई," असं म्हणून ते तंबाखू मळायला बाहेर जायचे.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली, बोलूनही दाखवली, पण तिच्यावर कुणी विचार केला नाही. यंत्र बिघडलेलं असायचं त्या तालमीत आण्णा पेटलेले असायचे. मुसळ्यांच्या ओठावर श्वास आला की यांचं वाक्य तयार. सर खूश होऊन म्हणायचे, "आण्णा आज फॉर्मात आहेत." आणि मी यंत्र दुरुस्त केलं की आण्णांना डोळा लागायचा.

"चहा कमी पडतोय त्यांना," मुसळ्यांनी निदान केलं.

मग लिंबू. मग मी बटण दाबलं, पंखा घरघरला, लिंबू हललं, पडद्यावर अक्षरं उमटली आणि ती बघून मी खुर्चीत बसले. बोटाएवढी.

"लिंबूपण गेलं वाया," आण्णा म्हणाले.

मला रडू येत होतं, आणि झेंडूच्या माळा दिसत होत्या.

सेफ मोड

यंत्र फारच बिघडलं तर ते सेफ मोडमध्ये चालवतात. म्हणजे लागेल तेवढंच. रंग नाहीत, शोभा नाही. स्पर्धेचा दिवस मला तसाच सांगता येतो.

स्पर्धा सांगलीला होती. आमचा प्रयोग दुपारी चारला.

आम्ही टेम्पोतून गेलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. लिंबू सुकलं होतं. सोडायला मुसळे तयार नव्हते.

प्रोजेक्टर सरांच्या शाळेचा होता. तो शाळेबाहेर फक्त त्याच दिवशी निघाला. तोवर आम्ही तो लावून पाहिला नव्हता.

डाव्या विंगेत टेबल मांडलं. मी ड्रायव्हर घातला. प्रोजेक्टर जोडला. मागच्या पांढऱ्या कापडावर पंचगंगा आली. घाटाच्या पायऱ्यांना पाणी लागत होतं.

सर म्हणाले, "वा." सर कधी वा म्हणत नाहीत.

लॅपटॉपच्या पडद्यावर संहिता उघडली. ती सरांची रोजची खरडलेली प्रत होती. पक्की करायला वेळ मिळाला नव्हता. आण्णाच वाचणार होते, चालण्यासारखं होतं.

नटराजाची पूजा झाडून सगळ्यांनी करायची, हा मंडळाचा नियम. नारळ मुसळे फोडतात. मी उठले.

आण्णा म्हणाले, "तुम्ही जावा. मी बसतो मशिनपाशी. कुणी वायरीत पाय घालंल."

आण्णांनी नटराजाची पूजा चुकवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी म्हणाले, "बरं."

आरती झाली. प्रसाद खाल्ला. सरांना सांगायचं होतं की पहाटेचा उजेड कधी वाढवायचा, ते सांगून झालं. तिसरी घंटा झाली. मी अंधारात टेबलापाशी येऊन बसले.

पडदा उघडला.

पुन्हा सगळ्या रंगांसकट

मागच्या कापडावर नदी नव्हती. मागच्या कापडावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हातभर उंचीच्या अक्षरात लिहिलं होतं:

*प्रवेश पहिला. पहाट. नदीचा घाट. विश्वनाथ खोकत येतो.*

आणि खाली:

*(मुसळे, खोकला एकदाच. म्हातारा आहे, क्षयाचा रोगी नाही.)*

ड्रायव्हर नसला की त्या जुन्या यंत्राला दोन पडदे वेगळे ठेवता यायचे नाहीत. इकडं जे दिसेल तेच तिकडं. हे मला माहीत होतं. आण्णांना मी हे एवढंच शिकवलं नव्हतं.

विश्वनाथ खोकत आला. सवयीप्रमाणं तीनदा. थिएटर हसलं. मुसळे दचकले, कारण ते दुःखी नाटक होतं. परगावी गेलेल्या मुलाची घाटावर रोज वाट पाहणारा म्हातारा विणकर. शेवटी तिथंच प्राण सोडतो. यात हसण्यासारखं काय, ते त्यांना कळेना, कारण अक्षरं त्यांच्या पाठीमागं होती.

समोरच्या विंगेत सरांचे दोन्ही हात डोक्यावर गेलेले दिसले. मी पेन ड्राइव्ह काढला. पण ड्रायव्हर घालायचा तर यंत्र बंद करून सुरू करावं लागणार, आणि तेही सगळं त्याच कापडावर दिसणार. मी प्रोजेक्टरच्या भिंगावर हात धरला. कापडावर एक प्रचंड काळा पंजा उतरला. थिएटर आणखी हसलं. मी हात काढला.

माझ्या शेजारी आण्णा मागं टेकून, हातभर अंतरावरून, अगदी निवांत वाचत होते. "या पाण्याला सांगून ठेवलंय मी," त्यांनी पुरवलं. स्टेजकडं त्यांची नजरही नव्हती.

"या पाण्याला सांगून ठेवलंय मी," मुसळे म्हणाले.

कापडावर आलं: *तो आला की मला हाक मार.* आणि कंसात: *(इथे मुसळे हमखास अडकतात. आण्णा, दोनदा सांगा.)*

मुसळे अडकले. आण्णांनी सांगितलं, पण हशात ते गेलं वाहून. आण्णांनी पुन्हा सांगितलं. मुसळे तोंड उघडं ठेवून उभे. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी, लहान मुलाला सांगावं तसं, वाचून दाखवलं: "तो आला की मला हाक मार."

मुसळ्यांनी तिकडं पाहिलं. "तेच म्हणतोय मी, बाई," ते म्हणाले. "मला आठवेना एवढंच."

हे वाक्य संहितेत नव्हतं.

मग मुसळे वळले. कशामुळं एवढी गंमत चाललीय ते बघायला म्हणून वळले, आणि त्यांनी अक्षरं पाहिली. स्वतःचं सगळं आयुष्य भिंतीवर लिहिलेलं सापडावं तसे बघत राहिले. पाठ प्रेक्षकांकडे, एक हात कमरेवर. त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. सावकाश, एकेक शब्द लावत. वाचता वाचता कंसातलंही वाचलं: "'मुसळे, पोट आत घ्या.'" आणि घेतलं.

मला वाटलं आता सर पडदा टाकायला सांगणार. पण पुढच्या काही मिनिटांत थिएटरचं काहीतरी झालं. हसू होतं, पण ते मुसळ्यांना नव्हतं, मुसळ्यांबरोबर होतं. ते अडकले की लोक सांगायचे. आधी पुढची रांग, मग बाल्कनी. घाटावरच्या म्हाताऱ्याला काही आठवत नाही आणि सगळा गाव त्याला त्याचंच बोलणं आठवून देतोय, असं काहीतरी ते दिसायला लागलं. सरांनी लिहिलेल्या नाटकात म्हाताऱ्याची स्मरणशक्ती शाबूत होती.

"माझं काम पब्लिक करायला लागलं," आण्णा माझ्या कानाशी कुजबुजले. चिडले होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्यांचं कपाळ दिसत होतं. भस्माच्या तीन पट्ट्यांपैकी मधली पुसटलेली. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, मधोमध, पांढरा पट्टा. आज सरांचे डस्टर इचलकरंजीतच राहिले होते.

त्यांना एवढ्या जवळून बघावं लागायचं. कपाळ टेकेपर्यंत. खालून दुसरी ओळ, मग चौकट.

मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

शेवटी कापडावर आलं: *विश्वनाथ काही बोलत नाही.* आणि कंसात: *(मुसळे, खरंच काही बोलू नका.)*

कुणी हसलं नाही. मुसळे बोलले नाहीत. त्यांना मी प्रथमच रंगमंचावर गप्प उभं राहिलेलं पाहिलं. आणि मग कापडावर एकच शब्द उरला, *पडदा*, तो थिएटरनं खालच्या आवाजात म्हटला, आणि पडदा पडला.

त्रुटी शोधताना

"कुणी केलं हे?" शिंत्रे सर विंगेत आले तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा होता. बाहेर टाळ्या चालू होत्या, पण त्यांच्या कानात शिरत नव्हत्या. "पूजेला जाताना नदी होती. मी डोळ्यांनी पाहिली. यंत्र आपोआप बिघडलं म्हणू नका. कुणी काढला ड्रायव्हर?"

मुसळे त्यांच्या मागं उभे होते, दाढी अर्धी निघालेली. "आणि माझ्या पोटाचं कुणी लिहिलंवतं?"

"ते मी," सर म्हणाले. "तो वेगळा विषय आहे."

आण्णा उठायला लागले. खुर्चीच्या पाठीला धरून, हळू. त्यांनी तोंड उघडलं.

"मी काढला, सर," मी म्हणाले.

"तू?"

"हो. ठरवून." पुढं काय बोलायचं ते माहीत नव्हतं, आणि मला सांगणारा कुणी प्रॉम्प्टर नव्हता. "नदी काय, सगळेच दाखवतात."

सर माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते तिच्यात माझी मंडळातली पुढची सगळी वर्षं होती, आणि त्यांतल्या प्रत्येक वर्षी मी माळा ओवत होते. ते काही बोलणार एवढ्यात विंगेच्या तोंडाशी एक खादीचा झब्बा आला. तीन परीक्षकांपैकी मधले.

"नियमात बसत नाही, निकालाआधी मी इथं यायला नको," ते म्हणाले, "पण राहवलं नाही. लिहिलेला शब्द आणि बोललेला शब्द यांच्यातली ती फट. प्रॉम्प्टरलाच नेपथ्य करून टाकलंत. हे सुचलं कसं?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या झब्ब्याची घडी नीट केली.

"आमची त्यावर बरीच चर्चा झाली होती," ते म्हणाले.

नेपथ्याचं दुसरं पारितोषिक आम्हाला मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव आहे. सर पुढं दोन चर्चासत्रांत त्या फटीवर बोलले, आणि मी कधी त्यांना खोडलं नाही.

बंद करताना

पण हे सगळं निकालानंतरचं. त्या दुपारी सर आणि परीक्षक बोलत बाहेर गेले, मुसळे उरलेली दाढी काढायला गेले, आणि विंगेत आम्ही दोघं उरलो. मी वायरी गुंडाळत होते.

"कशाला अंगावर घेतलंस?" आण्णा म्हणाले.

"तुम्ही तरी कशाला काढत होता? झोप लागते म्हणून लोकांची बोलणी खायची, त्यापेक्षा दिसत नाही असं सांगायचं की."

आण्णांनी वायरीचं दुसरं टोक उचलून माझ्या हातात दिलं.

"झोपणारा प्रॉम्प्टर चालतो गं," ते म्हणाले. "शिव्या देतात, हलवून जागा करतात. आंधळा कोण ठेवतो? घरी सून पेपर वाचून दाखवती. टीव्ही काय, ऐकून कळतो. एवढं एकच काम राहिलंय जिथं माझ्यावाचून अडतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. लॅपटॉप अजून चालू होता. संहितेचं शेवटचं पान, तळाला तो एक शब्द. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, ड्रायव्हर घातला, यंत्र बंद करून सुरू केलं, तेच पान उघडलं. अक्षरं पुन्हा मुंगीएवढी. आण्णांनी तोंड फिरवलं.

"इकडं बघा. डाव्या हाताचं बोट या कोपऱ्यातल्या बटणावर. दाबून ठेवा. आता उजव्या हातानं हे, अधिकाची खूण आहे ते."

त्यांनी दाबलं. अक्षरं थोडी मोठी झाली.

"परत."

दाबलं. आणखी मोठी. आण्णा थांबले, मागं टेकले, पुन्हा पुढं होऊन दाबलं. आणि मग न सांगता दाबतच राहिले. ओळी पडद्याबाहेर गेल्या, कंस गेले, विश्वनाथ गेला, आणि शेवटी काठापासून काठापर्यंत फक्त *पडदा* उरला.

"नदी?" त्यांनी विचारलं.

"नदीला काही होत नाही. ती तिकडं वाहत राहते."

त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, आण्णा. तुम्ही फक्त काढायचं कसं ते विचारलं."

"तू तरी कुठं विचारलंस," ते म्हणाले, "की ह्या वयात मला ते कशाला पाहिजे?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तो लॅपटॉप भंगारात गेला, माझ्या वर्गाला आता पांढऱ्या केसांची माणसंच जास्त येतात. बटण कुठलं, उंदीर कसा धरायचा, हे सगळं नंतर. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला अक्षरं मोठी करायला शिकवते, आणि कुणी विचारेपर्यंत थांबत नाही.

त्या दुपारी मात्र तेवढ्यात मुसळे आले. चेहऱ्यावर खोबरेल, हातात तीन चहा. एक माझ्यासमोर ठेवला, एक आण्णांसमोर, आणि बिजागरीवरच्या सुकल्या लिंबाकडे समाधानानं पाहिलं.

"बघितलं? शेवटी उपयोग झालाच," ते म्हणाले. मग आण्णांकडे वळले. "आज मात्र एकदाही डोळा लागला नाही, आण्णा. मानलं."

आण्णांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. बशी तशीच खाली ठेवली.

"मुसळे, ती खुर्ची घ्या," ते म्हणाले. "डोळ्यांचंच एक सांगायचंय."

"का, लागला होता काय?"

"बसा तर आधी."